सड्यावर हरवलेली बाई आता टेबलावर बसते

मी पहिल्यांदा ओरिएंटिअरिंगला गेले तेव्हा मला शोधायला चार माणसं आणि एक मोटरसायकल बाहेर पडली होती आणि मी तेव्हा गोव्यातल्या फोंडा बाजारात बसून भाच्याबरोबर मिरची भजी खात होते. आमच्या ग्रुपात हे इतक्यांदा सांगून झालंय की नवीन माणूस आला की माझी ओळखच तशी करून देतात, म्हंटलं एकदा मीच सगळं लिहून काढते, कारण त्या भज्यांपायीच मला नवख्यांच्या टेबलावर बसवलं आणि आता तिसरा सीझन चाललाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात. हातात एक नकाशा आणि होकायंत्र, रानात किंवा गावात ठिकठिकाणी पांढऱ्या-केशरी कापडाच्या खुणा टांगलेल्या असतात, साधारण फूटभर, त्याला कंट्रोल म्हणतात, ते नकाशावरच्या क्रमाने शोधायचे आणि शेवटी फिनिशला यायचं. दोन कंट्रोलच्या मधे कुठून जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं, व्हाळातून म्हणजे ओढ्यातून जा नाहीतर वळसा घालून रस्त्याने जा, कोण विचारत नाही. आपल्याकडे सैन्यात आणि एनसीसीत हे जास्त चालतं, आमचे नकाशे बनवणारे काकाही रिटायर्ड फौजीच आहेत.

तर झालं असं की भाचा दहावीत, दिवसभर मोबाईल, बहीण वैतागलेली, आणि कुणीतरी वॉट्सअपवर फॉरवर्ड टाकला की रविवारी सकाळी फोंड्याजवळच्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, असा असा कार्यक्रम आहे, कुणीही या, अनुभवाची गरज नाही. मी म्हंटलं चल. भावोजींनी गाडीने सोडलं, नोव्हेंबरची सकाळ, सड्यावर धुकं, तीस-चाळीस माणसं आणि सगळी एकमेकांना ओळखणारी. कुणी पाय ताणतंय, कुणी बुटाच्या नाड्या बांधतंय, कुणी कोणत्या सेकंदाला निघायचं त्याची चर्चा करतंय. आम्ही दोघं मधोमध उभे, मी हातात पर्स घेऊन. कुणी वाईट वागलं असं अजिबात नाही, पण आमच्याकडे बघितलंच नाही कुणी, लग्नात चुकीच्या मांडवात शिरल्यासारखं वाटलं.

टेबलावरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, लाँग की शॉर्ट? मी म्हंटलं शॉर्ट. मला काय माहीत की शॉर्ट म्हणजे सोपा नव्हे! अंतर आणि अवघडपणा ह्या दोन वेगळ्या गोष्टी, छोटा कोर्स, म्हणजे आखलेला मार्ग, म्हातारे झालेले पण मुरलेले लोक पळतात, त्यातले कंट्रोल झाडीत, खड्ड्यात, कुठच्या तरी दगडाच्या मागे असतात. नवख्यांसाठीचा कोर्स वेगळा होता, त्यात सगळं वाटांच्या फाट्यांवर होतं, त्याचं नाव मला कुणी घेतलंच नाही. फोन नंबर लिहून घेतला, बोटात अडकवायची एक चिप दिली, कंट्रोलजवळच्या डबीत घातली की टीं वाजते, आणि सांगितलं की संपल्यावर डाउनलोडला रिपोर्ट करा. मला वाटलं कायतरी ॲप डाउनलोड करायचंय. भाचा म्हणाला मावशी इथे रेंज नाही, घरी गेल्यावर करू.

आता नकाशा. शाळेत आपण शिकलो हिरवं म्हणजे जंगल, तर मी पांढरा भाग बघून म्हंटलं हे मोकळं मैदान, इथूनच जाऊया. ओरिएंटिअरिंगच्या नकाशात पांढरं म्हणजे रान, ज्यातून पळता येतं असं. मोकळं मैदान ते पिवळं. आणि हिरवं म्हणजे नुसती झाडं नव्हेत, जितकं गडद तितकी घुसायला कठीण झाडी. आमच्या सड्यावर लावलेल्या अकेशियाच्या रांगा पांढऱ्या दाखवलेल्या, रानमोडी माजलेली ती हिरवी, करवंदाच्या जाळ्या गडद हिरव्या. हे तेव्हा एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी ओढणी वाचली असती.

त्याहून मोठा घोळ आकड्यांचा. नकाशावर पहिल्या गोलाजवळ १ लिहिलेलं. आम्ही अर्धा तास हिंडून एक केशरी कापड शोधून काढलं, आनंदाने ओरडलो, जवळ गेलो तर त्यावर ४७. म्हंटलं हा आपला नव्हे, आपल्याला १ पाहिजे. सोडून दिला आणि पुढे गेलो. तोच आमचा होता! कंट्रोलवरचा नंबर हा त्या जागेचा कोड असतो आणि तो मुद्दाम ३१ पासूनच सुरू करतात, क्रमांकाशी घोळ होऊ नये म्हणून. (इंग्रजी ६६, ९९ असलेही आकडे घेत नाहीत कारण उलटे टांगले गेले तर भलतेच वाचले जातात. एवढा बारीक विचार करणाऱ्या लोकांनी मला ४७ चं एक वाक्य सांगू नये ना.)

मग आम्ही १ नंबर शोधत फिरलो. एक म्हातारी लाकडं गोळा करत होती, तिने माझ्या हातातला कागद बघून विचारलं, "कितें गो बाय, सर्वे करपाक आयल्यात? हांगा प्लॉट घालतात?" गोव्यात सड्यावर नकाशा घेऊन फिरणारा माणूस म्हंजे जमीन विकायला निघालेला, दुसरं कोण असणार, तिचंही बरोबर. मी म्हंटलं नाही गे, खेळतोय. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मलाच माझी लाज वाटली. तिनेच मेन रोडची वाट दाखवली, ऊन चढलेलं, पाणी संपलेलं, समोरून फोंड्याची बस आली आणि आम्ही हात केला.

भज्याची दुसरी प्लेट चालू असताना फोन आला. मॅडम कुठे आहात, बऱ्या आहात ना, मुलगा बरोबर आहे ना. आवाज घाबरलेला. मी म्हंटलं आम्ही बाजारात आहोत, भजी खातोय. पलीकडे पाच सेकंद काहीच नाही. मग "बरं, ठीक आहे, खा" आणि फोन ठेवला.

ह्या खेळात कोर्स पुरा करा न करा, पहिल्या कंट्रोललाच कंटाळा येऊन परत या, पण फिनिशला येऊन तोंड दाखवल्याशिवाय घरी जायचं नाही, हा नियम सगळ्यांत मोठा. स्टार्टला किती गेले आणि डाउनलोडला, म्हणजे चिप वाचून घेतात त्या टेबलावर, किती आले ते मोजतात, एक जरी कमी भरला तर शोधायला माणसं जातात, आणि सड्यावर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, सोडून दिलेल्या खाणी असतात, उभ्या कापलेल्या, खाली पाणी, म्हणजे त्यांची भीती उगीच नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की त्यांची चिप माझ्या पर्समध्ये आहे.

चिप नसती तर मी परत कधी तोंड दाखवलं नसतं, खरंच सांगते. पण दुसऱ्याची वस्तू. पुढचा कार्यक्रम पणजीत, मळा नावाच्या वस्तीत होता, तिथे मी एकटी गेले, चिप आणि अर्धा किलो शेव घेऊन, माफी मागायची, चिप द्यायची आणि सटकायचं असा बेत. नकाशेवाले काका चिप घेऊन म्हणाले बसा. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी पिशवीतून त्या दिवसाचा नकाशा काढला आणि पेन माझ्या हातात दिलं, म्हणाले कुठे कुठे गेलात ते काढा. मी काढलं. ४७ सांगितलं, पांढरं मैदान सांगितलं, शॉर्ट सांगितलं, ॲप सांगितलं. आधी ते हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, मी हे चाळीस वर्षं करतोय, मला ह्यातलं एकही आता दिसत नाही, तुम्हाला दिसतंय तोवर तुम्ही टेबलावर बसा.

दिसतंय तोवर. हे मला फार पटलं.

पण पटलं म्हणून जमलं असं नाही. पहिल्यांदा बसले तेव्हा मी जे जे मला सांगितलं नव्हतं ते सगळंच सांगायला लागले. रंग, कोड, प्रमाण, होकायंत्र, सुरक्षा, एका कुटुंबाला वीस मिनिटं. पोरगं रडायला लागलं. त्यात काका मदतीला आले आणि त्यांनी इतिहास सुरू केला, ओरिएंटिअरिंग हे नाव स्वीडनच्या लष्करातून आलं, सगळ्यांसाठी खुली अशी पहिली स्पर्धा नॉर्वेत १८९७ ला, मग १९१९ ला स्टॉकहोमजवळ मेजर किलांडर यांनी मोठी शर्यत भरवली, १९६१ ला आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आणि समोर ते बाबा, त्यांची बायको, आजी, डोक्यावर ऊन. आजी शेवटी म्हणाल्या, बाथरूम कुठे आहे? तो प्रश्न त्यांच्या मनात पहिल्या मिनिटापासून होता आणि आम्ही त्यांना किलांडर सांगत होतो. गंमत म्हंजे तो किलांडर स्वतः नवख्यांच्याच मागे होता, तरुण पोरं मैदानी धावण्याला कंटाळलीत, येईनाशी झालीत म्हणून त्याने त्यांना रानात नेलं. त्याने नक्की बाथरूम आधी सांगितलं असणार.

दुसऱ्या वेळी मी सगळं छापून लॅमिनेट करून टांगलं. कुणी वाचलं नाही. एका माणसाने त्याच्याआड उभं राहून कपडे बदलले.

हळूहळू मग जमत गेलं. एक म्हणजे मी "नवीन आहात का" विचारायचं सोडलं. आपल्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो म्हणतो "नाही नाही, येतं थोडंफार", आणि मग त्याला काही सांगताही येत नाही. त्याऐवजी मी विचारते, कुणाबरोबर आलात? सगळं त्यात बाहेर येतं. "मुलीला घेऊन आलो, ती चालेल का माहीत नाही", "मित्राने बोलावलं, तो कुठे दिसत नाही", "असंच, बघायला". असंच बघायला आलेली माणसं मला सगळ्यांत आवडतात. त्यांना मग आधी बाथरूम, पाणी, किती वेळ लागेल (चालत गेलात तर साधारण तास), पळायलाच पाहिजे असं नाही, मुलाला एकटं पाठवायचं नसेल तर तुम्ही दोघं एकाच चिपवर जा, चपला चालणार नाहीत पण साधे बूट चालतात, फुल पँट बरी. एवढं झालं की माणूस सैल होतो, नकाशा त्याच्यानंतर.

होकायंत्र तर मी पहिल्या वेळी शिकवतच नाही. काकांना हे अजून खुपतं. पण नवख्यांच्या कोर्सवर सगळं वाटेच्या, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या), घराच्या खुणेवर असतं, तिथे नकाशा जमिनीला लावून धरता आला की पुरतं. आणि तेच सगळ्यांना कठीण जातं, कारण मोबाईलमधला नकाशा आपोआप वळतो आणि निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगत राहतो. मी लोकांना सांगते, इथे निळा ठिपका म्हंजे तुमचा अंगठा. जिथे उभे आहात तिथे अंगठा ठेवायचा, पुढे सरकलात की अंगठा सरकवायचा, आणि तुम्ही वळलात की कागद उलट्या दिशेने वळवायचा म्हंजे समोरचा रस्ता कागदावरही समोरच राहतो. अक्षरं उलटी झाली तरी होऊदेत. हे उभ्या उभ्या तंबूभोवती एक फेरी मारून करून घ्यायचं. आमच्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हंजे १०० मीटर, हे सांगून कुणाला कळत नाही, म्हणून मी म्हणते तंबूपासून त्या आंब्यापर्यंत एवढं अंतर कागदावर तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. मग त्यांचे डोळे चमकतात.

आणि मग पहिल्या कंट्रोलपर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत जाते. पुढे होत नाही, मागून जाते, बोलत नाही (हे मला सर्वात जड). नंबर वेगळा का, हा प्रश्न तिथे प्रत्यक्ष कापडासमोर उभं राहिलं की आपसूक येतो आणि एका वाक्यात संपतो. टीं वाजलं की बहुतेकांच्या तोंडावर एक हसू येतं, साठीच्या माणसाच्याही. तिथून मी परत फिरते. निघताना एकच सांगते, मजा नाही आली, भांडण झालं, पाऊस आला, काहीही झालं तरी आधी माझ्या टेबलाकडे यायचं, चिप मला द्यायची आणि मगच भजी. माझी गोष्ट सांगते. डाउनलोड हा शब्द मी वापरतच नाही.

मळ्यातले कार्यक्रम नवख्यांना खरंतर जास्त सोपे वाटतात, हरवायची भीती नाही, ४५ मिनिटांत जमतील तितके कंट्रोल कुठल्याही क्रमाने गोळा करा, उशीर झाला तर मार्क कापणार. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, फोंत फेनिक्सची झर, आल्तिनोवर चढणाऱ्या गल्ल्या, फोंतेन्यशची रंगीत घरं. पण तिथले घोळ वेगळे. शहराच्या नकाशात एक शेवाळी हिरवा रंग असतो, तो म्हंजे खासगी जागा, पाय ठेवायचा नाही. आणि जाड काळ्या रेघेची भिंत, ती तुम्हाला उडी मारून ओलांडता येत असली तरी ओलांडायची नाही. एका नवीन मुलाने अशी कमरेएवढी भिंत सरळ उडी मारून पार केली, कुणाच्या तरी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उतरला, तिथल्या आजीबाई आधीच फोटो काढायला येणाऱ्या टूरिस्टांनी पिडलेल्या, त्यांनी आरडाओरडा केला. आमच्यातल्या एकाने त्या मुलाला तिथेच सगळ्यांसमोर बाद केलं. नियमाने बरोबर होतं. मुलगा परत आला नाही. मी त्या दिवशी भांडले, माझं म्हणणं एवढंच की आजीबाईंची माफी मागायला त्याला आपण घेऊन जायचं होतं आणि बाद करायचं तर ते घरी गेल्यावर निकालात करायचं. अजूनही मला त्या मुलाचं वाईट वाटतं. शेवाळी रंग त्याला मीच सांगायला पाहिजे होता, त्या दिवशी टेबलावर गर्दी होती आणि मी विसरले.

सड्यावर एकदा कंट्रोलच गायब झाला. बघितलं तर वाड्यावरची तीन पोरं ते कापड घेऊन क्रिकेटची बाउंडरी करत होती. कोमुनिदादीची म्हणजे गावकीची जागा, परवानगी आम्ही काढलेली, पण पोरांना कोण सांगणार, त्यांच्या खेळायच्या जागेत कोणीतरी कायतरी टांगून गेलं. काका रागावले. मी पोरांना टेबलाकडे घेऊन आले, नकाशा दाखवला. पाच मिनिटांत त्यांनी त्यात चूक काढली, म्हणे इथे व्हाळाला साकव दाखवलाय तो गेल्या पावसात वाहून गेला. पुढच्या वेळी ते फुकट पळाले आणि आमच्या अर्ध्या लोकांच्या पुढे आले. आता कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्यांना सांगून ठेवतो, कापड हलत नाही.

लहान मुलांसाठी एक प्रकार असतो, स्टार्टपासून फिनिशपर्यंत एक दोरी घालतात, मुलं दोरी धरून चालतात आणि वाटेत कंट्रोल. आम्ही गेल्या डिसेंबरात सुंभ घातला काजूच्या झाडांतून, अडीचशे मीटर. मुलांना आवडलं, पण खरी गोष्ट अशी झाली की त्यांच्या आया मागून चालता चालता नकाशा वाचायला लागल्या, त्यातल्या दोघी पुढच्या वेळी स्वतःचा कोर्स घेऊन गेल्या. एक जण मुलाला नवऱ्याकडे देऊन गेली, दीड तासाने घामाघूम परत आली, करवंदाने हात फाटलेले, आणि मला म्हणाली निकाल कुठे लागतो? मी समजत होते नवख्यांना निकाल नको असतो, उगीच तळाला नाव बघून हिरमोड. तिला पाहिजे होता. शेवटून दुसरी आली होती, त्या शेवटच्या माणसाचं नाव तिने दोनदा वाचलं.

आता जानेवारीचा कार्यक्रम जवळ आलाय आणि माझं नि काकांचं स्टार्टवरून वाजलंय. त्यांना स्टार्ट रानात पाहिजे, पार्किंगपासून सहाशे मीटर आत, कारण तिथून कोर्स चांगले आखता येतात, अनुभवी लोकांना पहिल्याच पावलाला डोकं लावावं लागतं. मी म्हणते ते सहाशे मीटर नवीन माणूस एकटा चालणार नाही, अर्ध्या वाटेत त्याला वाटणार आपण चुकलो, आणि स्टार्टच्या आधीच परत फिरणार, आणि मला प्रत्येकाबरोबर तिथवर जाऊन पुन्हा पहिल्या कंट्रोलपर्यंत जायचं तर गुडघे नवीन लागतील. मी दोन स्टार्ट मागितलेत, एक तंबूजवळ. ते म्हणतात दोन स्टार्टला माणसं कुठून आणू. माणसं आहेत, वाड्यावरची ती तीन पोरं मोकळीच असतात, पण हे मी अजून बोलले नाही. शनिवारी त्यांच्याकडे बसणार आहोत. शेव घेऊन जाईन.